गावची मोटार-शर्यत आणि घरची माणसे

मोटारींची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. विमानासारख्या दिसणाऱ्या कोट्यवधी रुपयांच्या गाड्या, जगप्रसिद्ध चालक आणि सामान्य माणसाला न परवडणारे तिकीट. आज मी ज्या शर्यतीविषयी बोलणार आहे, तिच्यात यांपैकी काहीही नाही. ती अमेरिकेतील लहान लहान गावांतून शनिवारी संध्याकाळी भरते. तिच्यात भाग घेणारा मनुष्य आठवडाभर गॅरेजमध्ये, शेतावर किंवा दुकानात राबतो आणि रात्री घरामागच्या शेडमध्ये आपली जुनी मोटार दुरुस्त करीत बसतो. तिला स्टॉक कारची शर्यत म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानात विक्रीस ठेवलेला माल. जी मोटार कोणीही दुकानातून विकत घेऊ शकतो, तिचीच शर्यत, असा या नावाचा मूळ अर्थ. आज या गाड्या मुद्दाम बांधलेल्या असतात. तथापि नाव आणि त्यामागची भावना टिकून आहे.

या गावच्या शर्यतींपुढे गेली कित्येक वर्षे एक साधा पण जीवनमरणाचा प्रश्न उभा आहे. प्रेक्षक, आणि विशेषतः मुलाबाळांसह येणारी कुटुंबे, पुन्हा कशी आणावयाची? हा प्रश्न अमेरिकेतला असला, तरी ज्यांनी गावची नाट्यमंडळी, तालीम किंवा वाचनालय चालविले आहे, त्यांना तो परका वाटणार नाही.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात, आणि त्यानंतरही, दक्षिणेकडील डोंगराळ भागात चोरटी दारू गाळून ती रात्री मोटारीने शहरात पोहोचविण्याचा धंदा चाले. पोलिसांच्या हाती न लागण्यासाठी हे चालक आपल्या साध्या दिसणाऱ्या मोटारींची इंजिने जोरकस करून घेत. मग कोणाची गाडी अधिक वेगवान, याच्या पैजा लागू लागल्या आणि रविवारी दुपारी एखाद्या मोकळ्या शेतात धुळीचा गोल आखून शर्यती सुरू झाल्या. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाने फ्लॉरिडातील डेटोना बीच येथील एका हॉटेलात अशा शर्यती भरविणाऱ्यांची बैठक बोलावली, आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था रीतसर स्थापन झाली.

या संस्थेची नव्या, अस्सल दुकानी मोटारींची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे झाली. त्या दिवशी जो चालक प्रथम आला, त्याच्या मोटारीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार केलेला आढळला. ती गाडी दारू वाहण्याच्या कामातली होती. त्याला बाद करून दुसऱ्या क्रमांकाच्या जिम रोपर यांना विजयी ठरविण्यात आले. पहिल्याच दिवशी हा निर्णय घेतला गेला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. खेळ सचोटीचा आहे, असा विश्वास वाटल्यावाचून सभ्य माणूस आपले मूल बोटाला धरून तेथे येत नाही.

आता गावचा ट्रॅक कसा असतो ते पाहू. पाव मैलापासून अर्ध्या मैलापर्यंतचा लंबगोल रस्ता; कोठे डांबरी, कोठे मातीचा. एका बाजूस पायऱ्यापायऱ्यांची बाके. मधल्या किंवा मागल्या मोकळ्या जागेत गाड्या, हत्यारे आणि चालकांची घरची मंडळी. या जागेला पिट म्हणतात. संध्याकाळी आधी सराव, मग कोण कोठून सुटणार हे ठरविणाऱ्या छोट्या शर्यती आणि शेवटी त्या त्या वर्गाची मुख्य शर्यत. वर्ग अनेक असतात. सर्वांत वरच्या वर्गातील गाडीस मोठा पैसा लागतो. सर्वांत खालच्या वर्गात भंगारात जाऊ पाहणारी चार सिलिंडरची गाडी घेऊन, आतल्या काचा-गाद्या काढून, लोखंडी पिंजरा बसवून नवशिका उतरतो. प्रारंभी बहुधा प्रार्थना व राष्ट्रगीत होते. गावचा पाद्री ध्वनिक्षेपकावरून चालकांच्या सुरक्षिततेसाठी चार शब्द बोलतो, आणि क्षणभर सारे मैदान टोप्या काढून उभे राहते.

अशा ट्रॅकच्या मिळकतीला दोन दारे असतात. पुढच्या दाराने प्रेक्षक तिकीट काढून येतो. मागच्या दाराने चालक, त्याचे मदतनीस आणि नातलग पिटमध्ये जाण्याचे पैसे भरून येतात. पुढच्या दाराची गर्दी कमी झाली, की चालक मागच्या दारावर भर देऊ लागतो; अधिक वर्ग, अधिक गाड्या, अधिक प्रवेशशुल्क. परंतु वर्ग वाढले की कार्यक्रम लांबतो, एकेका शर्यतीत गाड्या थोड्या उरतात, मुख्य शर्यत मध्यरात्रीवर जाते, आणि उरलेला प्रेक्षकही कंटाळून घरी बसतो. अशा रीतीने ज्या उपायाने आजचा खर्च भागतो, त्याच उपायाने उद्याचे प्रेक्षक नाहीसे होतात.

मग एके दिवशी जमिनीचा भाव आडवा येतो. जेव्हा ट्रॅक बांधला तेव्हा तो गावाबाहेर होता. गाव वाढत वाढत त्याच्या कुंपणापर्यंत आले. नव्या वस्तीतील लोकांना आवाजाचा त्रास होऊ लागला, आणि बाके रिकामी असताना मालकाला जमीन विकणे हेच शहाणपणाचे वाटू लागले. कॅलिफोर्नियातील ॲस्कॉट पार्क हा नावाजलेला मातीचा ट्रॅक १९९० मध्ये बंद झाला. त्याच राज्यातील आर्विंडेल येथील ट्रॅक १९९९ मध्ये सुरू झाला आणि २०२४ च्या अखेरीस कायमचा मिटला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एके काळी असे अनेक ट्रॅक होते. आज त्यांतला रिव्हरहेड येथील एकटा उरला आहे. ट्रॅक एकदा गेला की तो परत येत नाही, कारण नव्या ट्रॅकला परवानगी देण्यास कोणतीही वस्ती सहसा राजी नसते.

प्रेक्षक का घटला, याचा दोष पुष्कळदा दूरचित्रवाणीवर टाकला जातो. १९७९ मध्ये डेटोनाची पाचशे मैलांची शर्यत प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत देशभर थेट दाखविली गेली आणि तेव्हापासून मोठ्या शर्यती घरबसल्या दिसू लागल्या. हे खरे आहे. परंतु घरात उत्तम संगीत ऐकू येते म्हणून मनुष्य भजनाला जाण्याचे सोडत नाही. तेथे त्याचे शेजारी असतात म्हणून तो जातो. तेव्हा खरा प्रश्न पडद्याचा नसून, मैदानावर आलेल्या पाहुण्याचे काय होते, हा आहे.

नवखे कुटुंब प्रथमच आले आहे, अशी कल्पना करा. बाप, आई, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. बाके धुळीने भरलेली; स्वच्छतागृहात पाऊल ठेववत नाही; शेजारी कोणी मद्य पिऊन अर्वाच्य बोलतो आहे. कोणती गाडी कोणाची, कोण पुढे, कोण एक फेरी मागे, काहीच कळत नाही. अपघात झाला की अर्धा तास ट्रॅक झाडणे चालते, आणि त्या वेळी कोणी काही सांगत नाही. दहा वाजता मुलगा मांडीवर झोपतो, आणि ज्या शर्यतीसाठी आले ती अद्याप बाकीच असते. हे कुटुंब पुन्हा येईल काय? त्याला जाहिरात किती आकर्षक होती, याचे काही मोल नाही.

म्हणून पहिला उपाय वेळापत्रकाचा. सुरुवात सांगितलेल्या मिनिटाला व्हावी आणि मुले जागी आहेत तोवर मुख्य शर्यत संपावी. वर्ग चार-पाचच असावेत. दुसरा उपाय निवेदकाचा. चांगला निवेदक हा शिक्षकच असतो. लाल गाडीचा चालक नळाचे काम करतो, निळ्या गाडीत बसलेली मुलगी यंदाच शाळा संपवून आली आहे, या दोघांची गेल्या शनिवारी टक्कर झाली होती, एवढे त्याने सांगितले की वीस निनावी गाड्यांच्या गोंगाटातून एक कथा उभी राहते. माणसाला वेग पाहून क्षणभर आश्चर्य वाटते. पण तो परत येतो तो कथेचे पुढे काय झाले हे पाहण्यासाठी.

तिसरा उपाय मध्यंतराचा. अनेक ट्रॅकवर मध्यंतरात गाड्या रांगेने उभ्या करतात आणि मुलांना ट्रॅकवर सोडतात. मूल त्या तापलेल्या गाडीला हात लावते, चालक त्याला उचलून आत बसवितो, चित्रावर सही करून देतो. यास खर्च जवळजवळ काहीच नाही. मात्र त्या मुलाला आता एक ‘आपला’ चालक मिळालेला असतो. काही ठिकाणी मुलांच्या सायकलशर्यती होतात. काही ठिकाणी शाळेच्या जुन्या पिवळ्या बसगाड्यांची इंग्रजी आठच्या आकड्याच्या वाटेवर शर्यत लावतात आणि लहानथोर हसून बेजार होतात. गोव्यात चर्चच्या फेस्ताला आलेली माणसे मिस्सा झाल्यावर लगेच घरी जात नाहीत. कोणी खाजे घेतो, कोणी खेळणे, म्हातारी मंडळी सोयरेधायरे भेटतात. ज्या उत्सवात प्रत्येक वयाला काही तरी आहे, तोच पिढ्यान्पिढ्या चालतो.

चौथा उपाय सुरक्षिततेचा आहे, आणि त्यात काटकसर चालत नाही. १९५५ मध्ये फ्रान्समधील ल माँ येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९८७ मध्ये अमेरिकेत टॅलाडेगा येथे बॉबी ॲलिसन यांची गाडी उडून प्रेक्षकांपुढच्या जाळीवर आदळली. त्यानंतर अतिवेगवान ट्रॅकवर गाड्यांचा वेग मुद्दाम कमी करण्यात आला. गावच्या ट्रॅकवर वेग एवढा नसतो. पण जाळी आणि भिंत भक्कमच हवी. याहून कमी दिसणारा धोका कानांचा आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, ही कामगारांसाठी अमेरिकेतील आरोग्यसंशोधन संस्थेने सुचविलेली मर्यादा. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटांवर येते. शर्यतीचा आवाज तेथवर सहज जातो. यास्तव प्रत्येक मुलाच्या कानांवर संरक्षक टोपण असलेच पाहिजे. जो ट्रॅक दारातच ती टोपणे अल्प भाड्याने देईल, त्याने आईच्या मनातील निम्मी शंका दूर केली असे समजावे.

पाचवा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अनुभव आम्हा शिक्षकांना आहे. ज्या नाटुकल्यात एका मुलाला लांबलचक भूमिका असते, तिला त्याचे आईबाप येतात. ज्यात तीस मुले केवळ झाडे आणि पक्षी होऊन उभी राहतात, तिला तीस घरे येतात. गावच्या शर्यतीचेही तसेच आहे. स्वस्तातला वर्ग जितका भरलेला, तितके मामा, मावशी, शेजारी, कामावरचे सोबती बाकांवर. परंतु स्वस्त वर्ग स्वस्त राहणे कठीण. पैसेवाला येतो, महागडे इंजिन बसवितो आणि गरीब स्पर्धक निघून जातो. यावर काही ट्रॅकांनी एक नामी नियम योजिला आहे. शर्यत संपल्यावर ठरलेल्या रकमेला विजेत्याची गाडी किंवा इंजिन विकत मागण्याचा हक्क हरलेल्या स्पर्धकाला असतो. मग ठरलेल्या रकमेहून दसपट खर्च करण्याची बुद्धी कोणाला होईल? न्याय राखण्यास पहारेकरी पुरत नाहीत. कधीकधी असा एक साधा नियम पुरतो. लहान मुलांसाठीही छोट्या गाड्यांचे वर्ग असतात, आणि त्यांतूनच उद्याचे चालक व उद्याचे प्रेक्षक दोन्ही घडतात.

आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्या पाहा. बेळगावपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंतच्या मैदानांत नामांकित पैलवानांची जोड शेवटी सुटते. आधी पोरासोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर, नारळावर. त्या पोरांमुळेच वाडीवस्तीची माणसे दुपारपासून मैदानात येऊन बसतात.

आता एक गोष्ट, जी प्रेक्षक ‘आकर्षित’ करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. १९५२ मध्ये व्हर्जिनियातील डॅनव्हिल येथे शर्यत भरविणाऱ्यांना गर्दी हवी होती. एखादा निग्रो चालक उतरविला तर त्याच्या समाजाची माणसे तिकीट काढून येतील, असा त्यांचा हिशेब. त्या समाजाला आज कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणतात. गावात वेगाने गाडी हाकणारा असा कोण आहे, याची चौकशी त्यांनी पोलिसांकडे केली, आणि पोलिसांनी वेंडेल स्कॉट यांचे नाव सांगितले. कारण चोरटी दारू वाहताना त्यांनी पोलिसांना पुष्कळ पळविले होते. स्कॉट शर्यतीत उतरले ते असे. भरविणाऱ्यांनी त्यांना तमाशा म्हणून आणले. ते मात्र खरे स्पर्धक निघाले. शिव्या सोसल्या, काही ठिकाणी प्रवेश नाकारला गेला, तरी आपल्या हाताने आपली गाडी दुरुस्त करीत ते वरच्या वर्गापर्यंत पोहोचले.

१ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे ते जिंकले. परंतु झेंडा दुसऱ्यासाठी हलविण्यात आला आणि करंडकही त्यालाच दिला गेला. प्रेक्षक पांगल्यावर, काही तासांनी, मोजणीत चूक झाली असे सांगून स्कॉट यांचा विजय मान्य करण्यात आला. त्यांचे निधन १९९० मध्ये झाले. त्यांच्या कुटुंबीयांच्या हाती त्या विजयाचे मानचिन्ह पडले ते २०२१ साली.

श्रोतेहो, एका समाजाला तिकिटासाठी बोलवावे आणि त्याच्या माणसाचा विजय त्याच्या डोळ्यांदेखत मान्य करू नये. मग तो समाज बाकांवर का दिसत नाही, याचे नवल करीत बसावे, यात काय अर्थ आहे? पहिल्या वर्षी, १९४९ मध्येच, सेरा ख्रिश्चन ही महिला पुरुषांच्या बरोबरीने शर्यतीत उतरली होती आणि एका शर्यतीत पाचवी आली होती. तरीही पुढे कित्येक दशके हा पुरुषांचाच खेळ मानला गेला. कुटुंब हवे असेल तर कुटुंबातील प्रत्येकाला तेथे सन्मानाची जागा हवी. केवळ बसण्याची नव्हे, स्पर्धेचीही.

हे सारे बोलणे निव्वळ आशेचे नाही, याची दोन उदाहरणे देतो. उत्तर कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथे बोमन ग्रे नावाचे मैदान आहे. ते नगरपालिकेच्या मालकीचे. मध्ये फुटबॉलचे मैदान आणि भोवती पाव मैलाचा ट्रॅक. १९४९ पासून उन्हाळ्याच्या शनिवारी तेथे शर्यती होत आल्या आहेत. सुमारे १७,००० माणसे बसू शकतात आणि आजोबांच्या बाकावर नातू बसलेला दिसतो. मैदान शहराचे असल्यामुळे जमीन विकण्याचा मोह एका मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाही, हेही त्याच्या टिकण्याचे एक कारण असावे. २०२५ च्या फेब्रुवारीत देशातील अव्वल चालकांची हंगामारंभीची शर्यत याच लहान मैदानावर घेण्यात आली.

दुसरे उदाहरण त्याच राज्यातील नॉर्थ विल्क्सबरोचे. १९४७ मध्ये तेथे शर्यती सुरू झाल्या. १९९६ मध्ये तेथल्या मोठ्या शर्यती दुसरीकडे नेल्या गेल्या आणि मैदान ओस पडले. भिंतींना भेगा पडल्या, बाकांतून झाडे उगवली. गावकऱ्यांनी आठवण मात्र सोडली नाही. २०२१ मध्ये राज्याने १ कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले. ऑगस्ट २०२२ मध्ये आधी स्थानिक वर्गाच्या शर्यती झाल्या, आणि मे २०२३ मध्ये मोठे चालक परत आले. क्रम लक्षात घ्या. आधी गावचे आले, मग देशाचे.

आपल्या देशात हा क्रम उलटा झाला. दिल्लीजवळ भव्य बुद्ध ट्रॅक उभारला. २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीनच वर्षे तेथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. मग करांचे आणि पैशांचे वाद होऊन ती थांबली. त्या वादांची कारणे वेगळी असतील. परंतु ती शर्यत गेल्यावर हळहळणारे, आपले मूल, आपला भाचा, आपला शेजारी त्या खेळात आहे असे सांगणारे लोक गावोगाव किती होते? शिखर बांधण्यास पैसा लागतो. पाया घालण्यास माणसे लागतात.

ज्यांना असा खेळ, किंवा कोणतीही गावची संस्था, टिकवावयाची आहे त्यांनी प्रथम मोठ्या जाहिरातीचा विचार न करता पुढील शनिवारचा विचार करावा. वेळेवर सुरुवात, स्वच्छ जागा, मुलांच्या कानांची काळजी, सर्वांना सारखा न्याय, आणि दारात एक ओळखीचा चेहरा, जो नवख्या कुटुंबाला त्यांच्या बाकापर्यंत नेऊन सोडील व ‘पुढच्या शनिवारी या’ म्हणेल. एवढे नियमाने, हंगामभर, घडत राहिले तर बाके हळूहळू भरतात. आणि ज्या मैदानात शनिवारी आपली मुले खेळताना दिसतात, ते विकून तेथे गोदाम बांधण्याची सूचना आली तर तिला हरकत घेण्यासाठी गाव आपण होऊन सभेला येते.